समोरच्या भिंतीवरची हळद

माघ सरत आला होता. कृष्णामाई कृश झाली होती. तिच्या संथ, श्यामल पाण्यावर सकाळचं कांचनकोवळं ऊन उतरलं होतं, आणि काठावरच्या बोरवडीत घरोघरच्या अंगणात, खळ्यात, गच्चीवर, देवळासमोरच्या फरशीवर, जिथे म्हणून हातभर जागा होती तिथे हळद वाळत पडली होती. काहिलीच्या मोठ्या कढईत शिजलेली, वाफेनं न्हालेली, उन्हात अंग सैल सोडून पहुडलेली हळद. सांगलीच्या खालच्या अंगाची ही गावं वर्षातून दोन महिने अशीच दिसतात.

पिवळं. पिवळं. नजर पोचेल तिथवर पिवळं. पावलांना पिवळं, पदराला पिवळं, कोपऱ्यात निजलेल्या कुत्र्याच्या शेपटालाही पिवळं.

त्या पीतवैभवात एक रिक्षा येऊन थांबली आणि कालिंदी मगदूम खाली उतरली. सहासष्ट वर्षांची, उंच, काटक, कपाळावर एक रुपेरी बट, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून ती मिरजेहून, धाकट्या बहिणीच्या घरून परतत होती. हळदीची वाफ आणि धूळ डोळ्यांना बाधेल म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला इतके दिवस घरी येऊ दिलं नव्हतं.

अंगणाच्या कडेला तिनं चष्मा काढला. आणि अहो, काय सांगावं! आकाश अंगावरच आलं. असं निःसंकोच, निखळ, नितळ निळं आकाश तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्याखाली हळद अशी पेटली होती की तिनं दाराची चौकट धरली.

"अगं बाई! एवढी पिवळी?"

"हळद हाय," पोत्यावर बसलेले भूपालअण्णा म्हणाले. "पिवळीच असणार की."

भूपालअण्णा म्हणजे कालिंदीचे यजमान, आणि पंचक्रोशीत पिवळ्या रंगाचे न्यायाधीश. हळकुंड कट्‌कन मोडायचं, आतला गाभा उन्हात धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. हे रान नदीकाठचं, हे माळावरचं. ही काहिलीत जास्त शिजली, ही दोन दिवस आधी उचलली. व्यापारी सांगलीच्या बाजारात माल नेण्याआधी त्यांच्या अंगणात मूठभर हळकुंडं आणून टाकत, आणि अण्णा मान हलवतील ते प्रमाण मानत. चाळीस वर्षांत ती नजर एकदाही चुकली नव्हती.

कालिंदी हसली, लहान मुलीसारखी हसली, आणि चपला काढायचंही न थांबता मागच्या वखारीकडे निघाली. तिला तिची चित्रं पाहायची होती. नव्या डोळ्यांनी, नऊ चित्रं.

ही वखार पूर्वी हळदीच्या थप्प्यांची होती. लग्नानंतर अण्णांनी ती रिकामी करून तिला दिली, भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला, छपरात दोन काचेची कौलं बसवली. कोल्हापुरात चित्रकला शिकून आलेली ही सून माणसं काढत नव्हती, झाडं काढत नव्हती, देवही काढत नव्हती. ती कॅनव्हास जमिनीवर अंथरायची आणि पदर खोचून त्याच्याभोवती फिरायची. रंग शिंपडायची, केरसुणीनं ओढायची, सुपातून पाखडल्यासारखा उडवायची. तिचा खांदा फिरे, कंबर वळे, पाऊल मागे सरे, आणि त्या सगळ्या हालचालींची वाट कॅनव्हासवर उमटून राही. रंग कुठून निघाला, कुठे धावला, कुठे दमला, हे ज्याला दिसलं त्याला चित्र दिसलं, असं ती म्हणे. गाव म्हणे, मगदुमांची सून भिंती रंगवायच्या सोडून कापड रंगवते.

नव्या नवरीच्या दिवसांत एकदा अण्णांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "हे काय काढलंयस?" त्यावर ती अशी उसळली होती, आणि मग अशी रडली होती, की विचारता सोय नाही. "चित्राला 'हे काय' म्हणून विचारायचं नसतं हो. बघायचं असतं." अण्णांनी त्याची खूणगाठ बांधली. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आणि आता, आयुष्याच्या उतरत्या उन्हात, पुण्याच्या एका कलादालनानं तिच्या एकटीच्या चित्रांसाठी अख्खं दालन दिलं होतं. 'हळद' हे प्रदर्शनाचं नाव. नऊ वर्षांत केलेली नऊ चित्रं. पत्रिका छापून झाल्या होत्या. चित्रं न्यायला टेम्पो उद्या सकाळी यायचा होता.

तिनं वखारीचं दार ढकललं. काचेच्या कौलांतून उन्हाचे दोन झोत खाली आले होते.

आणि भिंतीवर हळद नव्हती.

सहा फुटी मोठं चित्र, ज्याला तिनं 'हळदीचं ऊन' म्हटलं होतं, ते पांढरं होतं. चुन्यासारखं, मिठासारखं पांढरं. त्याच्यावरून निळ्या रंगाचे झोत सुसाट गेले होते, धारदार, बेगुमान, गर्द निळे. दुसरं 'खळं'. पांढरं आणि निळं. तिसरं 'पाटावरची नवरी'. पांढरं आणि निळं. चौथं, पाचवं, नववं. कुणीतरी वखारीत शिरून तिचं ऊन उचलून नेलं होतं आणि जागोजाग थंडगार चांदणं टांगून ठेवलं होतं.

आधी तिला वाटलं, चित्रं बदलली. तिनं कोपऱ्यातली सही पाहिली. तिचीच. 'हळदीचं ऊन' भिंतीपासून तिरकं करून पाठीमागे पाहिलं. शीर्षक तिथेच होतं, अण्णांच्या जाड, गोलसर अक्षरात. हळदीच्या पोत्यांवर खूण घालायच्या कुंचल्यानं ते तिच्या चित्रांची नावं पाठीमागे लिहीत. ती सांगे, ते लिहीत.

मग तिला डॉक्टरीणबाई आठवल्या. पट्टी सोडताना सहज म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं डोळ्यांवर पिवळट पडदा होता तुमच्या. पांढरं पिवळं दिसत असणार, निळं विझल्यासारखं. आता निळा जरा जास्तच दिसेल हं, घाबरू नका." तेव्हा ती हसून हो म्हणाली होती.

नऊ वर्षं पिवळा तिच्या डोळ्यांतच होता. म्हणून तिनं नुसता पांढरा लावला आणि तिला तो हळदीसारखा पिकलेला दिसला. उन्हावर सावल्या हव्यात म्हणून निळा घेतला. तो मळकट, मेलेला दिसे, म्हणून आणखी घेतला, आणखी घेतला, ओंजळी भरभरून घेतला. तिला वाटलं, ती ऊन आणि सावली रंगवते आहे.

तिच्या चित्रांचे फोटो पाहून पुण्याच्या एका साप्ताहिकात कुणा समीक्षकानं लिहिलं होतं, 'शीर्षक हळद म्हणते आणि रंग हिमालय म्हणतो. या विसंगतीतच चित्रांची गूढता आहे.' ती दोन दिवस पोट धरून हसली होती. पुण्याच्या माणसांना साधा पिवळा ओळखता येत नाही म्हणून! आता ते हसू तिच्यावरच उलटलं. खोटं तो लिहीत नव्हता, आंधळी ती होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे पुष्कळ असतात; ती तर हळकुंडाशिवायच पिवळी झाली होती.

उद्या टेम्पो येणार. परवा माणसं येणार, पाटी वाचणार, चित्र पाहणार, ओठ दाबून पुढे सरकणार. बिचारी, म्हणतील. तो 'बिचारी' शब्द तिला आत्ताच ऐकू आला.

कोपऱ्यात पांढऱ्या प्रायमरचा डबा होता. तिनं झाकण उचकटलं, वीतभर रुंदीचा ब्रश बुडवला, आणि 'हळदीचं ऊन'च्या उजव्या कोपऱ्यावरून एक पट्टा ओढला. निळा झोत मध्येच तुटला. नऊच्या नऊ पुसून टाकायची होती तिला. रिकाम्या कॅनव्हासला निदान कुणी हसत नाही.

"काय करतीस?"

दारात अण्णा उभे होते. हाताला हळद, धोतराला हळद, मिशीलाही हळद.

तिनं वळून पाहिलं आणि एकदम तिच्या लक्षात आलं. रंगाच्या निळ्या-पांढऱ्या नळ्या सांगलीहून कोण आणत होतं? शीर्षकं कोण लिहीत होतं? पांढऱ्या चित्रामागे 'हळदीचं ऊन' असं ठसठशीत कोणी लिहिलं?

"तुम्हाला दिसत होतं," ती म्हणाली. "हे पांढरं आहे, निळं आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

"व्हय," अण्णा म्हणाले.

"हळकुंडाच्या गाभ्यातला केसाएवढा फरक ओळखणारे तुम्ही! आणि नऊ वर्षं तोंडाला कुलूप? माझी दया आली म्हणून? म्हातारीच्या मनासारखं होऊ दे म्हणून?"

ब्रशातला पांढरा रंग टपटप जमिनीवर गळत होता. नव्या नवरीच्या त्या दिवसानंतर या घरात तिनं इतक्या मोठ्यानं शब्द काढला नव्हता. अण्णा बावरले. बाजारात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा माणूस, हातातलं हळकुंड बोटांत फिरवत उभा राहिला.

"दया कशाची?" ते शेवटी म्हणाले. "मला काय ठावं तुझ्या डोळ्यांचं? तूच सांगितलं हुतंस, चित्राला 'हे काय' म्हणून विचारायचं नसतं, बघायचं असतं. म्हणून बघत हुतो. मला वाटलं, असल्या चित्रांत असंच असतंय."

बाहेर बायका वाळती हळद हातांनी फिरवत होत्या, त्याची सरसर आत येत होती.

"पहिलं चित्र झालं," अण्णा सांगू लागले, "तू म्हणालीस, लिहा, 'हळदीचं ऊन'. मी लिवलं. पण मला काय ऊन दिसंना. म्हणलं, आपलीच नजर अडाणी. मग रोज दुपारी तू जरा आडवी झालीस की मी हितं येऊन बसायचो. आपला णमोकार मंत्र म्हणायचा आणि बघायचं. नजर हलवायची न्हाई. महिनाभर काय बी झालं न्हाई. मग एक दिवस नववा णमोकार झाला, नजर वळवली, आणि चित्रासमोरच्या भिंतीवर…" ते थांबले. "तुला दिसतंयच की. तुझंच चित्र हाय."

"काय दिसतंय मला?"

अण्णांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी तिच्या हातातला ब्रश काढून डब्यावर आडवा ठेवला. एक रिकामं पोतं दुहेरी घडी घालून चित्रासमोर अंथरलं.

"बस. ह्यो मधला झोत हाय न्हवं, हितं नजर ठेव. पापणी शक्यतो लववू नको. मी नऊ णमोकार म्हणतो."

ती बसली, रागानं बसली. नव्या, नाजूक डोळ्यांसमोर तो गर्द निळा झोत उभा राहिला. पहिला णमोकार झाला, दुसरा झाला. अण्णांचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा खर्जात फिरत होता. तिसऱ्याला तिला तिचाच खांदा दिसला. हा झोत तिनं डावीकडून उजवीकडे फेकला होता, श्वास रोखून. पाचव्याला तिला ती हालचाल कुणाची ते कळलं. अंगणात बायका हळद पसरतात ना, पाटी पोटाशी धरून, कमरेतून वळत, एका दमात. तेच वळण, तोच वेग, तोच हात सुटल्यावरचा हलकेपणा. सातव्याला निळ्याच्या कडा थरथरू लागल्या. डोळ्यांत पाणी दाटलं. ते रागाचं होतं की ताणाचं, तिला सांगता आलं नसतं.

नववा संपला.

"आता नजर उचल. मागं वळून कोऱ्या भिंतीकडं बघ."

कालिंदीनं वळून चित्रासमोरची पांढरीशुभ्र भिंत पाहिली.

भिंत रिकामी होती. एक क्षण, दोन क्षण. आणि मग चुन्याच्या आतून, जणू भिंतीलाच आठवण यावी तसं, पिवळं उगवलं. जिथे जिथे निळा सुसाटला होता तिथे तिथे पिवळं, झोताच्या जागी झोत, थेंबाच्या जागी थेंब. पिवळं, तेजःपुंज, तरल, हवेवर तोललेलं. पाटीतून नुकतीच उधळलेली हळद, जमिनीवर पडण्याआधीची.

तिचं ऊन. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या हातच्या वळणाचं, तिनं सांगितलेल्या नावाचं ऊन.

ते भिंतीवर थरथरलं, फिकटलं, विरलं. निळ्यावर थकलेली नजर कोऱ्या पांढऱ्यावर गेली की उलटा रंग, पिवळा, दाखवते; कोल्हापुरात शिकलेलं तिला आता आठवलं.

"दिसलं?" अण्णांनी विचारलं.

ती रडू लागली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता हसली, आणि अण्णांच्या हळदभरल्या बाहीला तिनं डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी हे पाहिलं असतं तर दोघांचीही खरडपट्टी काढली असती.

"तुम्ही नऊ वर्षं हे असं बघत होता?"

"मला वाटलं, तुझी चित्रं अशीच बघायची असत्यात. म्हणलं, काय डोकं लावलंय हिनं! चित्र हितं, आणि त्याचं नाव तिथं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई. म्हणलं, त्यांचं त्यांनी बघावं."

तिला आजवर वाटत होतं, आपण नऊ वर्षं एकटीच रंगवतो आहोत. खोटं होतं ते. प्रत्येक चित्राचा अर्धा भाग हा माणूस रोज दुपारी, जेवण झाल्यावर, समोरच्या भिंतीवर पुरा करत होता. मनातला डंख एकदम निघून गेला आणि तिला फार मोकळं वाटलं.

ती उठली. फळीवर रंगांच्या नळ्या होत्या. पिळून सपाट झालेल्या निळ्या, पोट गेलेल्या पांढऱ्या. आणि त्यांच्या मागे रांगेनं उभ्या नऊ पिवळ्या नळ्या, झाकणही न उघडलेल्या.

"ह्या कशाला आणल्या? मी तर कधीच मागितल्या नाहीत."

"दरसाल एक आणायचो. हळदीची चित्रं चाललेली, आणि घरात पिवळा रंग न्हाई, बरं दिसतंय व्हय?"

तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. कलादालनातल्या केतकीला म्हणाली, "प्रत्येक चित्राच्या समोरची भिंत कोरी ठेवायची. शीर्षकाची पाटी चित्राशेजारी नको, त्या कोऱ्या भिंतीवर लावायची." पलीकडे केतकी गोंधळली. पत्रिका छापल्या होत्या, मांडणी ठरली होती, आणि कोऱ्या भिंतीला नाव द्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील? कालिंदीनं तिला पत्रिकेवरचं चित्र समोर धरायला लावलं. "एका जागी बघ. मी थांबते." मग फोन अण्णांच्या तोंडाशी धरला. अण्णांनी नऊ णमोकार म्हटले.

"आता भिंतीकडे बघ," कालिंदी म्हणाली.

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "अय्या!"

सकाळी टेम्पो आला. हमालांनी चित्रं कापडात गुंडाळली, दोऱ्या आवळल्या. 'हळदीचं ऊन' उचलताना एकानं कोपऱ्यातला पांढरा पट्टा दाखवला. काकू, हे सांडलंय काय इथं? असू दे म्हणाली ती. आदल्या दिवशीचा तिचा हातही त्या चित्रात राहायला हवा होता. टेम्पो धूळ उडवत, हळदीच्या चादरींमधून वाट काढत नदीच्या वळणाआड गेला.

वखार मोकळी झाली. कालिंदीनं नवा कॅनव्हास जमिनीवर अंथरला, पदर खोचला. पिवळ्या नळीचं झाकण घट्ट बसलं होतं; अण्णांनी ते पकडीनं फिरवलं. रंग बाहेर आला तो ताजा, ओला, नव्या डोळ्यांना झोंबणारा पिवळा. तिनं तो ओंजळीत घेतला. खांदा फिरला, कंबर वळली, पाऊल मागे सरलं. दुपार होईतो ती त्या कॅनव्हासभोवती फिरत होती, आणि अण्णा दारात बसून हळकुंडं मोडत होते.

मग तिनं चित्र भिंतीला टेकवून उभं केलं, हात पुसले आणि पोत्यावर त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"चाळीस वर्षांमागं विचारलं होतं ते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, घसा खाकरला. नव्या जावयासारखे संकोचले. "हे… हे काय काढलंयस?"

"मला नाही ठाऊक. तुम्ही सांगा."

दोघं बघत बसले. अण्णांचे ओठ हलू लागले. एक णमोकार, दोन, तीन. बाहेर माघाचं ऊन, अंगणात हळद, कॅनव्हासवर हळद, आणि दोन म्हाताऱ्या माणसांची एका जागी थांबलेली नजर. नववा झाला. दोघांनी वळून समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

पांढऱ्या भिंतीवर हळूहळू निळं उमललं. वळत आलं, रुंदावलं, काठ घेऊन वाहू लागलं.

"नदी," भूपालअण्णा म्हणाले, आणि पोत्यांवर खूण घालायचा कुंचला शोधायला उठले.

भिंतीवरची नदी अजून थोडी वाहत होती.